विकास आराखड्यात वाऱ्यालाही जागा हवी

थंडीची चाहूल लागली की मुंबईत हवेच्या बातम्या सुरू होतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांसाठी २७ कलमी मार्गदर्शक सूचना काढल्या. सत्तर मीटरपेक्षा उंच इमारतीच्या कामाभोवती ३५ फुटी पत्रे ठोका, राडारोडा झाकून न्या, धूळ उडू नये म्हणून पाणी मारत राहा. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तर भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामेच काही काळ बंद करावी लागली. हे सगळे करायलाच हवे होते. पण या साऱ्या उपायांचा रोख एकाच प्रश्नावर आहे: हवेत काय सोडले जाते? सोडलेली धूळ आणि धूर पुढे कुठे जातो, किती वेळ माणसाच्या नाकाशी रेंगाळतो आणि का रेंगाळतो, हा दुसरा प्रश्न आपण जवळजवळ विचारतच नाही. त्याचे उत्तर रस्त्यांची रुंदी, इमारतींची उंची, त्यांच्यातली अंतरे आणि त्यांची दिशा यांत दडलेले असते. उन्हाळ्यात रस्त्यावर उभे राहणे शक्य आहे की नाही, हेही याच गोष्टी ठरवतात. आणि या गोष्टी निसर्गाने आपल्यावर लादलेल्या नाहीत. त्या नियमावलीत लिहिल्या जातात, नकाशावर मंजूर होतात आणि पैसे भरून शिथिलही करता येतात.

आधी रस्त्यावरच्या हवेचे काय होते ते पाहू. दोन्ही बाजूंना सलग इमारती असलेला रस्ता म्हणजे हवेच्या दृष्टीने एक घळ असते. कॅनडातील हवामानशास्त्रज्ञ टिमोथी ओक यांनी १९८८ मध्ये रस्त्यांची रचना आणि शहराच्या पृष्ठभागालगतचे हवामान यांचा संबंध मांडला. त्यांच्या मांडणीत एक साधे गुणोत्तर महत्त्वाचे ठरले: इमारतीची उंची भागिले रस्त्याची रुंदी. हे गुणोत्तर कमी असेल, म्हणजे इमारती बुटक्या आणि रस्ता रुंद असेल, तर वारा खाली उतरतो आणि रस्ता झाडून काढतो. ते साधारण ०.६५ च्या पुढे गेले आणि वारा रस्त्याला आडवा असला, की मुख्य वारा छपरांवरून सरकत निघून जातो. घळीत उरतो तो जागच्या जागी फिरणारा भोवरा. गुणोत्तर दोनच्या आसपास गेले की भोवरेही एकावर एक दोन होतात आणि खालचा अगदीच दुबळा असतो. वाहनांचा धूर नेमका या खालच्या भोवऱ्यात सुटतो. म्हणजे दोन रस्त्यांवरून तितक्याच गाड्या गेल्या तरी फुटपाथवर चालणाऱ्याच्या फुफ्फुसात जाणाऱ्या धुराचे प्रमाण खूपच वेगळे असू शकते, आणि हा फरक गाड्यांमुळे पडलेला नसतो.

पुण्याच्या पेठांकडे या नजरेने पाहावे. सहा मीटर रुंदीची गल्ली आणि दोन्ही बाजूंना दुमजली वाडे, म्हणजे गुणोत्तर एकच्या जवळपास. त्यात वाड्याला चौक, मागे परस, मधूनच एखादे देवळाचे आवार, त्यामुळे हवेला आत-बाहेर करायला जागा होती. त्याच गल्लीत वाड्याच्या जागी सात मजली इमारती उभ्या राहिल्या आणि चौक गेला, तर गुणोत्तर साडेतीनवर जाते. गल्ली तेवढीच राहते. गाड्या मात्र वाढतात, कारण सात मजल्यांवर राहणाऱ्यांच्या दुचाक्या आणि मोटारी त्याच गल्लीतून ये-जा करतात. २०२० मध्ये पुणे महापालिकेत सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला. नऊ मीटर झाल्यावर त्या रस्त्यांवर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून हस्तांतरित केलेला बांधकामाचा हक्क, वापरता येतो, हे त्यामागचे एक कारण. रस्तारुंदी म्हटली की मोकळेपणा वाढेल असे वाटते. पण रस्ता तीन मीटरने वाढणार आणि त्या बदल्यात इमारत दहा-पंधरा मीटरने वाढणार असेल, तर हवेच्या हिशेबात तो रस्ता अधिक अरुंदच झाला. आपल्या नियमांत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, रस्त्याच्या रुंदीशी जोडलेला आहे, पण तो वाहतूक आणि अग्निशमनाच्या गाड्यांचा विचार करून. रस्ता वाहनांबरोबर वाऱ्याचेही वहन करतो, याची त्या हिशेबात नोंद नाही.

ही नोंद आपल्याकडे कधीच नव्हती असे मात्र नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाटीवाटीच्या वस्तीत हवा आणि उजेड पोहोचावा म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रस्ते काढले. पश्चिमेकडचे खारे वारे शहराच्या पोटात शिरावेत, हा त्यामागचा उघड हेतू होता. दोन इमारतींमधली मोकळी जागा किती असावी, यासाठी ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम वापरला. त्याचा अर्थ इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नको. दादर, माटुंगा, हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हा सगळा पट्टा याच विचारातून आखला गेला, आणि आजही तिथल्या रस्त्यांवरून चालताना फरक जाणवतो. रोगाचे तेव्हाचे आकलन चुकीचे होते. प्लेग दूषित हवेने पसरत नव्हता, तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता. तरीही हवा ही नगररचनेची जबाबदारी आहे, ही जाण त्या काळाला होती. आज पीएम २.५ चे कण श्वसनाला आणि हृदयाला काय करतात हे आपल्याला नेमके माहीत आहे, आणि नगररचनेतून हवा मात्र बाहेर गेली आहे.

ट्रस्टचा इतिहास गोड करून सांगण्याचे कारण नाही. रस्ते काढताना हजारो गरिबांची घरे पाडली गेली, त्या मानाने नवी घरे फार थोडी बांधली गेली आणि विस्थापितांनी शेजारच्या वस्त्यांत आणखी दाटी केली. म्हणूनच आजही कोणी मोकळ्या जागेबद्दल बोलू लागले की एक रास्त शंका निघते: हवेच्या नावाखाली पुन्हा गरिबांनाच हुसकावणार का? या शंकेचे उत्तर गोवंडी-मानखुर्दमध्ये मिळते. तिथे प्रकल्पग्रस्तांसाठी आणि झोपडपट्टीवासीयांसाठी बांधलेल्या वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या सहभागाने केला. नटवर पारेख कंपाउंडमध्ये सात मजली इमारतींच्या रांगांमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. तिथे आणि लल्लुभाई कंपाउंडमध्ये क्षयरोगाचे प्रमाण तुलनेने मोकळी रचना असलेल्या जवळच्या पीजीएमपी कॉलनीपेक्षा कितीतरी जास्त आढळले, आणि ऊन व वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर त्याचा भार अधिक होता. पुनर्वसन म्हणून मिळालेले घर ज्यांना आजारी पाडते, ते लोक गरीबच आहेत. हवेचा आग्रह त्यांच्या विरोधातला ठरवणे म्हणजे त्यांच्यावर दुहेरी अन्याय करणे होय. श्रीमंत वस्तीला वाऱ्याची हमी समुद्रासमोरच्या खिडकीतून मिळते. ज्याच्याकडे ती खिडकी नाही, त्याला ती नियमातूनच मिळू शकते.

आणि नियम कसे चालतात? सामासिक अंतर म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा. ही जागा कागदावर उंचीशी बांधलेली असते. पण मुंबईत ही जागा कमी पडत असेल तर प्रीमियम भरून सवलत घेता येते, आणि हा प्रीमियम महापालिकेच्या उत्पन्नाचा एक भाग आहे. ज्या संस्थेने हवा राखायची, तीच हवेची तूट विकते. मग ती तूट भरून निघावी अशी इच्छा तिला कशी होणार? दुसरी गोष्ट पोडियमची. पार्किंगसाठी टॉवरच्या पायथ्याशी कित्येक मजल्यांचा भरीव चौथरा उभा राहतो आणि तो भूखंडाचा बहुतेक भाग व्यापतो. टॉवर वर गेल्यावर सडपातळ होतात, वरच्या मजल्यांवर भरपूर वारा असतो. पायी चालणाऱ्याच्या पातळीवर मात्र सलग भिंत असते. त्यातच रस्त्यावरून उड्डाणपूल गेला की खालच्या धुरावर छप्पर पडते. मोहम्मद अली रोडवर जे.जे. उड्डाणपुलाखाली हे रोज दिसते.

सगळ्यात मोठी संधी मुंबईने गिरणगावात घालवली. शहराच्या मधोमध गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी होणार होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार त्यातला एक-तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक-तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने १९९६ मध्ये साऱ्या जमिनीचा एकत्रित आराखडा करण्याची दिशा दाखवली होती. २००१ मधल्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती आणली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती दुरुस्ती टिकली. वाद जमिनीच्या वाट्याचा होता. वाऱ्याच्या वाटेचा निकष नियमात मुळातच नव्हता. तो असता, तर वरळीच्या किनाऱ्याकडून परळ-लालबागच्या दिशेने दोन-तीन सलग मोकळे पट्टे आखणे त्या वेळी पूर्णपणे शक्य होते. आता तुकड्या-तुकड्याने टॉवर उभे राहिले आहेत. प्रत्येकाने आपापल्या कुंपणाच्या आत नियम पाळला असेलही, पण दोन कुंपणांच्या मधली हवा कोणाच्याच हिशेबात नाही. आपल्या नियमांचा मूळ दोष इथेच आहे असे मला वाटते. ते भूखंडाचा विचार करतात, आणि वारा भूखंड ओळखत नाही.

आता उष्णतेकडे येऊ, कारण इथे प्रश्न अवघड होतो. बाहेर किती उकडते हे आपण तापमापीवरून ठरवतो, पण शरीराला जाणवणारी उष्णता चार गोष्टींवर अवलंबून असते: हवेचे तापमान, दमटपणा, वारा आणि चारी बाजूंनी अंगावर येणारे उष्णतेचे उत्सर्जन. उन्हात तापलेला डांबरी रस्ता, काँक्रीटची भिंत आणि काचेची दर्शनी बाजू हे सगळे माणसाच्या अंगावर उष्णता फेकत असतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जणांचा मृत्यू झाल्याचे सरकारने सांगितले. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. हा आकडा विदर्भात कोणाला विशेष वाटणार नाही. पण किनाऱ्याजवळचा दमटपणा, डोक्यावर कडक ऊन आणि सावलीचा अभाव यांनी मिळून तो जीवघेणा केला. सावली ही चैनीची वस्तू नाही. बसथांब्यावर उभा असलेला प्रवासी, सिग्नलवरचा पोलीस, हातगाडीवाला, सामान पोहोचवणारा तरुण, रस्त्याच्या कडेला खोदकाम करणारा मजूर यांच्यासाठी ती जगण्याची अट आहे. वातानुकूलित खोलीतला माणूस आपल्या खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, ती याच लोकांच्या वाट्याला येते. आणि अरुंद घळीत ती लवकर निघूनही जात नाही.

इथेच या लेखातल्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पुढे येतो. सावली हवी असेल तर अरुंद गल्ल्याच बऱ्या, मग रुंद रस्त्यांचा आणि वाऱ्याचा आग्रह कशाला? आक्षेपात तथ्य आहे. मोरोक्कोतल्या फेझ या जुन्या शहरात एरिक योहान्सन यांनी केलेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. जुन्या वस्तीतली अतिशय खोल आणि अरुंद गल्ली उन्हाळ्यात दिवसा नव्या, मोकळ्या रस्त्यापेक्षा सरासरी सहा अंशांनी, आणि सर्वाधिक तापलेल्या दिवशी दहा अंशांपर्यंत थंड आढळली. नागपूरच्या महाल किंवा इतवारीतल्या जुन्या गल्ल्यांमागेही हेच शहाणपण आहे. ४५ अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात गरम वारा अंगावर घेण्यापेक्षा तो अडवून सावली धरणे बरे. अशा ठिकाणी आपण चारपदरी सिमेंटचे रस्ते केले, झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले आणि दुपारी रस्ते निर्मनुष्य केले. उलट मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी अशा दमट किनारपट्टीवर घाम सुकवायला वारा हवा. तिथे खोल घळीतली सावली अंगाला चिकटपणा देते, आराम देत नाही. म्हणजे आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, तो अधिक नेमका होतो. एकच रचना सगळीकडे योग्य नसते. आणि आपण नेमके उलटे केले आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके प्रदेश वगळून साऱ्या महाराष्ट्रासाठी एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. कारभाराच्या सोयीसाठी ती स्वागतार्ह असेल. पण चंद्रपूरच्या उन्हाळ्याला आणि रत्नागिरीच्या दमटपणाला मूळ चौकट एकच, ही गोष्ट हवामानाच्या साध्या ज्ञानाला धरून नाही.

शिवाय सावली फक्त अरुंदपणातूनच मिळते असेही नाही. ती झाडांतून, व्हरांड्यातून, मुंबईच्या फोर्ट भागात दादाभाई नौरोजी रस्त्यावर आहे तशा कमानींच्या छताखालच्या पदपथातून मिळू शकते. त्यात वाऱ्याची वाटही शाबूत राहते. झाडांच्या बाबतीत मात्र एक काळजी घ्यायला हवी, आणि झाडांवर प्रेम करणाऱ्यांनीच ती घ्यायला हवी. जर्मनीत कार्ल्सरूहे येथे वायुबोगद्यात झालेल्या प्रयोगांतून दिसले की दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या रस्त्यावर झाडांच्या फांद्यांचे वर छत झाले तर हवेची देवाणघेवाण कमी होते आणि खालचे प्रदूषण वाढू शकते. याचा अर्थ झाडे तोडा असा मुळीच नाही. रुंद रस्त्यावर वडा-पिंपळाची सावली, आणि खोल, गर्दीच्या घळीत विरळ पर्णसंभाराची झाडे किंवा पदपथ आणि वाहने यांच्यामध्ये दाट झुडपांचे कुंपण, असा विवेक हवा. आज वृक्षारोपणाचे लक्ष्य संख्येत दिले जाते. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या बाजूला, केवढ्या पसाऱ्याचे झाड, हे विचारणारा रकाना त्या तक्त्यात असत नाही.

पुण्याचा प्रश्न आणखी निराळा आहे. हे शहर टेकड्यांच्या कुशीत, काहीसे खोलगट जागी वसले आहे. निरभ्र रात्री टेकड्यांचे उतार लवकर थंड होतात आणि त्यांच्यालगतची जड, गार हवा पाण्यासारखी उताराने ओढ्या-नाल्यांतून खाली शहरात येते. थंडीच्या पहाटे हवामान खात्याच्या नोंदी पाहा. पाषाण किंवा एनडीए परिसराच्या तुलनेत कोरेगाव पार्क, मगरपट्टा, वडगावशेरी इथले किमान तापमान अनेकदा चार-पाच अंशांनी जास्त असते. एकाच शहरात, एकाच रात्री. महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखीव आहे. तिथे किती बांधकाम होऊ द्यायचे यावर वर्षानुवर्षे वाद चालला आहे आणि तो मुख्यतः हिरवाईच्या भाषेत चालतो. टेकडी हिरवी राहिली, पण पायथ्याशी इमारतींची सलग रांग उभी राहिली आणि नाले बुजवून, वळवून त्यांवर रस्ते झाले, तर गार हवा शहरात उतरणार कशी? टेकडीबरोबर तिच्या पायथ्याचे आणि ओढ्यांचे मोकळे पट्टेही वाचवायला हवेत, हे या वादात ठामपणे मांडले जायला हवे.

जर्मनीतल्या श्टुटगार्टची भौगोलिक रचना पुण्यासारखीच, दरीत वसलेली आणि मंद वाऱ्याची. त्या पालिकेने १९३८ पासून स्वतःचा हवामानतज्ज्ञ नेमला आहे. रात्री उतारावरून येणाऱ्या गार हवेच्या वाटा तिथे नकाशावर आखल्या गेल्या आणि त्यांवरच्या बांधकामांना आवर घातला गेला. तरीही तिथला नेकारटोर हा चौक बराच काळ जर्मनीतल्या सर्वाधिक प्रदूषित जागांमध्ये गणला गेला आणि २०१९ मध्ये शहराला जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घालावी लागली. हे मुद्दाम सांगतो, कारण इथे दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आहे. खरे कारण धूर आहे, इमारती नव्हेत, आधी धूर थांबवा, असे अनेक जण म्हणतात. धूर थांबवायलाच हवा. रचना कितीही चांगली असली तरी तिने विषाचे औषध होत नाही. पण धुराचे धोरण दहा वर्षांत बदलता येते, इमारत पन्नास-साठ वर्षे हलत नाही. आज चुकीची बांधलेली घळ पुढच्या दोन पिढ्यांच्या श्वासावर परिणाम करणार. आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या तरी टायर, ब्रेक आणि रस्त्याची झीज यांची धूळ उरते, उष्णता तर उरतेच. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्या खर्चापैकी सुमारे दोन-तृतीयांश रक्कम रस्त्यावरच्या धुळीसाठीच गेली, असे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये दाखवून दिले. त्यातला थोडासा भाग जरी वाऱ्याच्या मोजणीवर आणि नकाशांवर खर्च झाला असता, तर आज बोलायला आपल्या शहरांची आपली आकडेवारी हाताशी असती.

तिसरा आक्षेप घरांचा. मुंबईत जागा नाही, घरे हवीत, उंच बांधल्याशिवाय गत्यंतर नाही. मोकळ्या जागेचा हट्ट धरला तर घरे आणखी महाग होतील. घनता आणि गुदमर या दोन गोष्टी एक मानल्यामुळे हा आक्षेप बिनतोड वाटतो. घनता चांगलीच असते. दाट शहरात लोक कमी प्रवास करतात आणि लोकल, बस परवडतात. प्रश्न तेवढेच चौरस फूट कसे मांडायचे हा आहे. त्याच एफएसआयमध्ये इमारतींची भिंत वाऱ्याला आडवी उभी करता येते किंवा त्याच्या दिशेला समांतर लावता येते. पोडियम सलग भरीव ठेवता येतो किंवा त्याला आरपार मोकळे मजले देता येतात. सगळे टॉवर एकाच उंचीचे करता येतात किंवा समुद्राकडून आत जाताना उंची चढती ठेवता येते, म्हणजे वारा अडून खाली उतरतो. हाँगकाँग मुंबईइतकेच दाटीचे शहर. २००३ मधल्या सार्सच्या साथीनंतर तिथे शहरातल्या कोंडलेल्या हवेची सरकारी पातळीवर चर्चा झाली आणि २००६ पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांना वायुवीजनाचे मूल्यमापन करणे भाग पडले. किनाऱ्यावरच्या सलग टॉवरांना तिथले लोक भिंत म्हणू लागले होते. त्या भिंतीत फटी ठेवण्याचे निकष पुढे आले. हाँगकाँगने उंच इमारती बांधणे थांबवले नाही. त्यांची मांडणी तपासायला सुरुवात केली.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे विकास आराखड्यात रस्ते, शाळा, उद्याने, स्मशानभूमी यांची आरक्षणे असतात. तसाच वाऱ्याच्या वाटा आणि सावलीचे रस्ते दाखवणारा एक नकाशा त्यात बंधनकारक करता येईल: किनारपट्टीसाठी खाऱ्या वाऱ्यांच्या दिशेने, पुणे-नाशिकसारख्या पठारी शहरांसाठी टेकड्या आणि ओढ्यांच्या अनुषंगाने, विदर्भ-मराठवाड्यासाठी सावलीला प्राधान्य देऊन. छोट्या इमारतीवर याचा बोजा टाकू नये, नाहीतर तो आणखी एक ना-हरकत दाखला आणि भ्रष्टाचाराची आणखी एक खिडकी होईल. पण काही एकरांच्या वरच्या प्रत्येक ले-आउटला मंजुरीपूर्वी वाऱ्याचा आणि रस्त्यावरच्या उष्णतेचा अभ्यास सक्तीचा हवा, आणि मोकळ्या जागेच्या तुटीवर प्रीमियम घेण्याची पद्धत निदान अशा प्रकल्पांत तरी बंद व्हायला हवी. हा अभ्यास आता संगणकावर काही आठवड्यांत होतो आणि त्याचा खर्च टॉवरच्या प्रवेशद्वारावरच्या संगमरवरापेक्षा जास्त नसतो.

हे तातडीचे आहे, कारण या क्षणी मुंबईत काही फार मोठ्या वस्त्या मुळापासून नव्याने आखल्या जात आहेत. धारावी आणि गोरेगावचे मोतीलाल नगर या ठिकाणी शेकडो छोट्या मालकांची अडचण नाही. संपूर्ण वस्तीचा ले-आउट एका हाताने काढला जातो आणि तो मंजूर करणारे सरकारच आहे. गिरणगावाच्या वेळी हुकलेली संधी इथे अजून हातात आहे. सरकारने या वस्त्यांच्या आराखड्यांबरोबर तिथल्या रस्त्यांवर वारा किती खेळेल, दुपारी सावली कुठे पडेल आणि पुनर्वसनाच्या इमारतींच्या तळमजल्यावर किती हवा पोहोचेल, याचे अहवाल मराठीतून जाहीर करावेत, आणि त्यांवर हरकती-सूचना मागवून मगच पायाभरणीचा नारळ फोडावा.